रेणापूर

महाराष्ट्र राज्याच्या लातूर जिल्ह्यातील त्याच नावाच्या तालुक्याचे मुख्य ठिकाण. मांजरेची उपनदी रेणा हिच्या काठी, बालाघाटच्या पठारावर, लातूरच्या उत्तरेस सु. 20 किमी. अंतरावर वसले आहे. पूर्वी हा भाग बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई तालुक्याशी जोडलेला होता. ऑगस्ट 1982 मध्ये उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्याचे विभाजन होऊन लातूर जिल्हा झाला, तेव्हा तो नव्या जिल्ह्यात आला आणि 1990 च्या दशकात त्याचा स्वतंत्र तालुका झाला. गावाचा कारभार नगरपंचायतीकडे आहे. निजामी राजवटीतून 17 सप्टेंबर 1948 रोजी मुक्त झालेल्या मराठवाड्याच्या इतिहासात रेणापूरला मोठ्या लढाया वा किल्ले लाभले नाहीत. त्यामुळे लातूरहून अंबाजोगाईला किंवा परळीला जाणारा प्रवासी रेणापूरच्या पिंपळफाट्यावरून पुढे निघून जातो. पण वाट वाकडी करून थांबावे असे या तालुक्यात बरेच आहे.

गावातील मुख्य श्रद्धास्थान रेणुकादेवीचे मंदिर. माहूरच्या रेणुकेवर आणि तुळजापूरच्या भवानीवर श्रद्धा असणाऱ्या या मुलखात नवरात्रात येथे मोठी गर्दी होते. ‘हलती दीपमाळ’ म्हणून ओळखली जाणारी दीपमाळ हे रेणापूरचे वैशिष्ट्य मानतात. तिचे नाव ऐकून पाहायला येणाऱ्यांनी जुन्या बांधकामाचा मान राखावा व पुजारी अथवा गावकरी यांच्या परवानगीशिवाय तिला हात लावू नये. शांतपणे मंदिर पाहायचे असेल, तर आश्विनातील पहिले नऊ दिवस, मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळणे सोयीचे. देवीचा उत्सव अनुभवायचा असेल, तर मात्र नवरात्रच निवडावे.

तालुक्याचे खरे शिल्पवैभव मुख्य ठिकाणी नसून उत्तरेकडील पानगावी आहे. तेथील विठ्ठल मंदिराला स्थानिक लोक हेमाडपंती म्हणतात, पण त्याची घडण कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील शैलीची, म्हणजे यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या आधीची आहे. बाहेरच्या भिंतींचे कोन एकामागोमाग एक पुढे येत जातात आणि प्रत्येक कोनावर मूर्ती उभी आहे. देवदेवता, वादक, नर्तिका आणि मुख्य म्हणजे सुरसुंदरी. कमरेतला बाक, दागिन्यांची बारीक कोर, हातातल्या वस्तू हे सारे कठीण काळ्या दगडात इतक्या सफाईने उतरले आहे की, मराठवाड्यातील मंदिरशिल्पाचा अभ्यास पानगाव वगळून पुरा होऊ शकत नाही. औंढा नागनाथला जेवढे पर्यटक जातात, त्याचा अल्प अंशही येथे फिरकत नाही. ही उपेक्षा संपली पाहिजे. मूर्ती नीट पाहण्यासाठी ऊन तिरपे असताना, सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर जावे. माध्यान्हीच्या डोक्यावरच्या उन्हात कोरीवकामाची खोली हरवते आणि भिंत सपाट दिसते. आधी बाहेरून पूर्ण प्रदक्षिणा करावी, मग मंडपात शिरावे. आत अंधार असतो, तेव्हा डोळे सरावेपर्यंत थांबावे. मंदिर नित्यपूजेतील असल्याने पादत्राणे बाहेर ठेवावीत. मूर्तींवर पाणी, तेल वा खडू लावून छायाचित्रे घेऊ नयेत.

पानगावचे दुसरे महत्त्वाचे स्थळ म्हणजे चैत्यस्मारक. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अस्थी येथे जतन केल्या आहेत. त्यांचे महापरिनिर्वाण 6 डिसेंबर 1956 रोजी झाले. दरवर्षी त्या तारखेला मुंबईच्या चैत्यभूमीवर जाऊ न शकणारे मराठवाड्यातील हजारो लोक पानगावी अभिवादनास येतात. त्या दिवशी पानगावकडे येणारे रस्ते माणसांनी भरून जातात. केवळ मंदिरशिल्पे पाहण्यासाठी येणाऱ्याने दुसरा दिवस निवडावा.

जाण्याची सोय : रेणापूर गावाला रेल्वे नाही. मुंबईहून रात्रीच्या गाडीने सकाळी लातूरला उतरावे आणि तेथून एसटीने यावे, हा सर्वांत सुटसुटीत मार्ग. लातूर–अंबाजोगाई व लातूर–परळी या मार्गांवर बसगाड्या वारंवार असतात. बस गावात जाणार की फाट्यावरच सोडणार, हे चढतानाच वाहकाला विचारावे. पानगाव हे लातूर रोड–परळी वैजनाथ लोहमार्गावरील स्थानक आहे. त्यामुळे हैदराबाद, विकाराबाद वा परळीकडून येणाऱ्यास आधी पानगाव पाहून मग रस्त्याने रेणापूर गाठता येते. सर्व गाड्या येथे थांबत नाहीत, म्हणून थांबा आधी तपासावा. आडगावांना एसटीच्या फेऱ्या मोजक्या आहेत. एका दिवसात रेणापूर व पानगाव दोन्ही करायचे असल्यास लातूरहून जीप ठरवणे बरे. एसटीत 75 वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. मार्च 2023 पासून महिलांना तिकीट निम्मे आहे. मुक्कामासाठी लातूर किंवा अंबाजोगाई गाठावे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एप्रिल–मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो. पाण्याची टंचाई या भागाला नवी नाही. एप्रिल 2016 मध्ये लातूरसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. उन्हाळ्यात आपले पिण्याचे पाणी बरोबर बाळगावे. काळ्या रानातल्या पायवाटा पावसाळ्यात चिखलाने अडतात.

तारीख ठरवताना वेळा अमावस्येचा विचार अवश्य करावा. लातूर–धाराशिव परिसरात ‘येळवस’ म्हणून साजरा होणारा हा मार्गशीर्ष अमावस्येचा सण डिसेंबरच्या उत्तरार्धात अथवा जानेवारीत येतो. त्या दिवशी गावेच्या गावे रानात जातात. बाजारपेठ बंद, रस्ते रिकामे, खासगी वाहनचालकही आपापल्या शेतात. कडब्याची कोप करून तिच्यात पांडवांची पूजा मांडतात. हिरव्या दाण्यांची व भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, मातीच्या बिंदग्यातली आंबील हे जेवण शेजारच्या रानातल्या माणसालाही हाक मारून वाढले जाते. ओळखीचे घर असेल, तर रेणापूर तालुका पाहायला याहून चांगला दिवस नाही. ओळख नसेल, तर जेवणाची व वाहनाची तजवीज आदल्या दिवशीच करावी.

सोयाबीन, तूर, हरभरा, ज्वारी व ऊस ही मुख्य पिके. रेणा नदीवर भंडारवाडी येथे मध्यम प्रकल्प असून निवाडा येथे रेणा सहकारी साखर कारखाना आहे.

रेणापूर नावाचा विधानसभा मतदारसंघ 2009 पूर्वी अस्तित्वात होता. भाजपचे नेते गोपीनाथ मुंडे तेथून 1980 मध्ये आणि पुन्हा 1990 ते 2004 या काळातील निवडणुकांत निवडून आले. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर रेणापूर तालुका लातूर ग्रामीण मतदारसंघात मोडतो. जवळची इतर स्थळे : अंबाजोगाई (योगेश्वरी मंदिर, मुकुंदराजांची समाधी), परळी वैजनाथ, धर्मापुरी (केदारेश्वर मंदिर) आणि वनौषधींसाठी ओळखले जाणारे वडवळ नागनाथ बेट. यांपैकी धर्मापुरी पानगावला जोडून पाहावी. दोन्हीकडील चालुक्यकालीन शिल्पे एकाच दिवसात पाहिली म्हणजे त्यांतील साम्य व भेद लक्षात येतात.