हैदराबादी जाहिरातीचा परचा

ऑनलाइन जाहिरातीच्या इतिहासात हैदराबादचं नाव येतं ते बहुधा 2004 पासून. त्या वर्षी गूगलने इथे कार्यालय थाटलं आणि जगभरच्या जाहिरातदारांना मदत करणं, त्यांचे मजकूर नियमांत बसतात का ते तपासणं, ही कामं या शहराकडे आली. सायबर टॉवर्स 1998 सालीच उभे राहिले होते, इंग्रजी येणारी तरुण मंडळी मुबलक होती. कंपनीला आणखी काय हवं? ही सुरुवात सांगायला सोपी आहे, पण तिच्यामुळे एक जुना अध्याय गाळला जातो. माल खपावा म्हणून लिहायचं कसं, हे या शहराच्या व्यापाराने त्याच्या किमान 80 वर्षं आधी शिकायला घेतलं होतं. आणि ते शिकणं भाग पडलं, कारण इथे एकभाषी गिऱ्हाईक कधी नव्हतंच.

1920 साली हकीम मोहम्मद मोइजुद्दीन फारूकी यांनी ‘जिंदा तिलिस्मात’ हे युनानी औषध बाजारात आणलं तेव्हाचं निजामाचं राज्य डोळ्यांपुढे आणावं. दरबाराची भाषा उर्दू. तिने 1880 च्या दशकात फारसीची जागा घेतलेली. प्रजेपैकी जवळजवळ निम्मे लोक तेलुगू बोलणारे, चौथा हिस्सा मराठी, शिवाय कन्नड मुलूख. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे याच राज्यात. त्यात 1951 च्या जनगणनेतसुद्धा साक्षरता दहा टक्क्यांच्या आतच होती, म्हणजे 1920 चा विचारच नको. अशा बाजारात सरकारी भाषेत कितीही नटवून लिहिलं तरी ते पोचणार किती जणांपर्यंत? हकीमसाहेबांच्या खोक्यावर त्यामुळे आधी माणूस आला: निजामाच्या फौजेतला हबशी शिपाई. आफ्रिकी घोडदळाच्या या पथकावरूनच शहरातल्या ए. सी. गार्ड्स वस्तीला नाव मिळालं, तेव्हा ही आकृती गिऱ्हाइकाच्या पाहण्यातली होती. काळा माणूस म्हणजे नुसती ताकद, ही त्यामागची समजूत आज खटकते, आणि खटकायलाच हवी. पण दुकानात जाऊन ‘ती हबशीवाली बाटली द्या’ म्हणायला कुठलीच लिपी यावी लागत नव्हती.

इथे कुणी म्हणेल, मग हे चित्राचं यश झालं, लेखनाचा संबंध काय? चित्र बाटली घरी आणून देतं. पुढे तिचं करायचं काय, हे शब्दांनीच सांगावं लागतं. बाटली अगदी बोटभर. आत निलगिरीचं तेल, कापूर, पुदिन्याचं आणि ओव्याचं सत्त्व, आणि रतनजोतीने आलेला लालसर रंग. सर्दीला वाफारा घ्यायचा की थेंब चहात टाकायचे, डोकं दुखलं तर कपाळाला चोळायचं का, पोटदुखीला किती थेंब, हे कळलं नाही तर औषध फळीवरच पडून राहणार. म्हणून औषधाच्या परच्याची, म्हणजे सोबतच्या माहितीपत्रकाची, मांडणी तक्रारीपासून सुरू होते: अमुक त्रास, त्यावर तमुक वापर. घरातल्या एकाने वाचला की बाकीच्यांना तोंडी सांगता येतो. स्तुतीचं कवित्व असं तोंडी पसरत नाही, वापरायची रीत पसरते. हैदराबादी जाहिरातलेखनाचं बळ मला इथे दिसतं.

यावर अधिक टोकदार आक्षेप असा की ज्या औषधाच्या नावातच ‘तिलिस्मात’ म्हणजे जादू आहे, त्याच्या लेखनाला संयमी कसं म्हणावं? नाव भडक आहे, यात वाद नाही. पण नावाचं काम लक्षात राहण्याचं आणि परच्याचं काम उपयोगी पडण्याचं. दोघांना एकाच काट्यावर तोलण्यात अर्थ नाही. शिवाय औषधांच्या जाहिरातींतला अतिरेक त्या काळी देशभर होता. तो इतका वाढला की 1954 मध्ये संसदेला औषधं आणि जादूई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा करावा लागला. ठरावीक रोगांवर इलाजाचा दावा करायलाच त्याने मनाई केली. अशा मनाईनंतर नुसत्या फुशारकीवर चालणाऱ्यांची पंचाईत होते. ज्यांचा मजकूर सर्दी-खोकल्याच्या वापरविधीवर उभा आहे त्यांना तितकी झळ बसत नाही.

गूगलच्या जाहिरातीचा सुरुवातीचा साचाही असाच काटेकोर होता. मथळ्याला 25 अक्षरं, खाली 35-35 अक्षरांच्या दोन ओळी. मथळ्यात उद्गारचिन्ह चालत नसे. ‘सर्वोत्तम’ म्हणायचं तर त्रयस्थाचा पुरावा आपल्या पानावर दाखवावा लागे. शोधणारा माणूस स्वतःची अडचण टाइप करून आलेला, म्हणजे परच्याचाच वाचक. फरक आहे तो वेगाचा: परचा वर्षानुवर्षं तोच राहायचा, ही ओळ दुपारी बदलून संध्याकाळी तिचा हिशेब बघता येतो. हा फरक मोठाच आहे, पण तो मोजमापातला आहे, लेखनातला नाही.

लेखनाच्या बाबतीत नवं माध्यम उलट मागे गेलं, ते भाषेच्या बाजूने. 1956 साली हैदराबाद राज्य तीन राज्यांत वाटलं गेलं, तरी जुन्या मालाला नांदेड, गुलबर्गा आणि वरंगळ या तिन्हीकडे गिऱ्हाईक होतंच. एका भाषेवर भागवणं त्याला परवडणारं नव्हतं. ऑनलाइन जाहिरातीने मात्र पहिली अनेक वर्षं इंग्रजीवर भागवलं. देशी भाषांतून इंटरनेट वापरणारे 2016 मध्ये 23 कोटी 40 लाख आणि इंग्रजीतून वापरणारे 17 कोटी 50 लाख, असा केपीएमजी आणि गूगलचा अहवाल 2017 मध्ये आला. इतरांच्या संकेतस्थळांवर जाहिराती लावणाऱ्या गूगलच्या अ‍ॅडसेन्समध्ये तेलुगू आणि मराठी मजकुराला जागा मिळाली ती 2018 साली, म्हणजे हैदराबादचं कार्यालय सुरू होऊन 14 वर्षं झाल्यावर. बाजार तयार नव्हता, हे याचं नेहमीचं समर्थन. पण याच मुलखात दहातला एकही धड वाचू शकत नव्हता, तेव्हा एका हकिमाने बाजार तयार होण्याची वाट पाहिली नव्हती.