डिझेल ट्रकमध्ये चुकीच्या ग्रेडचे इंजिन ऑइल पडले तर काय होते? डब्यावरचे नंबर असे वाचा

ऊस गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या वाटेवरच्या ऑइलच्या दुकानांत गर्दी वाढते. ड्रायव्हर येतो, "डिझेल गाडीचं ऑइल द्या" म्हणतो, दुकानदार हाताला येईल ती बादली पुढे करतो. नंबर कोणी बघत नाही. मात्र याच नंबरावर इंजिनचे आयुष्य ठरते. हंगामात ट्रक आठ-दहा दिवस गॅरेजला उभा राहिला तर खेपा बुडतात, तोडणी टोळीला दिलेली उचल अंगावर राहते आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही.

१५डब्ल्यू-४० म्हणजे काय?

बोलताना आपण 'पंधरा-चाळीस', 'वीस-चाळीस' म्हणतो. हे नंबर म्हणजे ऑइलचा जाडपणा, तेही दोन वेगवेगळ्या तापमानांना मोजलेला. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, म्हणजे हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ते ऑइल थंडीत लवकर पळते. १५डब्ल्यू ऑइलची चाचणी उणे २० अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ अंशांना. नंतरचा आकडा गरम इंजिनचा. १०० अंश सेल्सिअसला ४० नंबरच्या ऑइलचा जाडपणा १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक असावा लागतो. ३० नंबरचा ९.३ ते १२.५ आणि ५० नंबरचा १६.३ ते २१.९. साध्या पाण्याचा जाडपणा साधारण १ असतो, यावरून अंदाज यावा.

म्हणूनच बोटावर घेऊन, चिमटीत ताणून "हे ऑइल जाड आहे, चांगलं आहे" असे ठरवण्याला अर्थ नाही. बोटावर ऑइल तीस अंशांना असते, इंजिनात शंभर अंशांच्या आसपास.

पातळ ऑइल पडले तर

क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा अगदी पातळ थर असतो. इंजिन चालू असताना क्रँक त्या थरावर तरंगत फिरतो. ऑइल गरजेपेक्षा पातळ असेल तर भरल्या गाडीने घाट चढताना हा थर तुटतो आणि लोखंडाला लोखंड घासते. ऑइल प्रेशर कमी दाखवते, गरम इंजिन आयडलला असताना दिवा लुकलुकतो, टॅपेटचा आवाज वाढतो. टर्बोचा शाफ्ट तर मिनिटाला एक लाख फेऱ्यांच्या घरात फिरतो, त्याला ही चूक लवकर भोवते. दिवा लागलेला असताना "कारखान्यापर्यंत तरी जाऊ" म्हणत गाडी रेटली तर बेअरिंग जातात, इंजिन जाम होते. मग बोअर-पिस्टनसह सगळे काम काढावे लागते.

जाड ऑइल टाकले तर

आपल्याकडे जास्त होणारी चूक ही आहे. इंजिन जुने झाले, ऑइल खाते, म्हणून २०डब्ल्यू-५० टाकायचे. काही दिवस आवाज कमी होतो, धूर कमी दिसतो, गेजवर प्रेशरही वाढलेले दिसते. इथेच फसगत होते. गेजवर दिसते ते ऑइलचे प्रेशर, ऑइल किती पोहोचले ते नव्हे. जाड ऑइलला वाटेत अडथळा जास्त, म्हणून काटा वर जातो. पहाटे गाडी स्टार्ट केली की असे ऑइल टर्बो आणि टॅपेटपर्यंत उशिरा पोहोचते, आणि झीज बरीचशी त्याच वेळी होते. ऑइल फारच घट्ट असेल तर फिल्टरचा बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेले ऑइल थेट बेअरिंगवर जाते. वर डिझेलही जास्त जळते. रिंगा झिजल्या असतील तर इलाज रिंगांचा आहे, ऑइलचा नाही.

महाराष्ट्रात हिवाळ्यातही तापमान उणे २० च्या जवळपास जात नाही. निफाडच्या कडाक्याच्या थंडीतही १५डब्ल्यू आणि २०डब्ल्यू दोन्ही चालतात. त्यामुळे जुन्या गाडीला कंपनीने दोन्ही ग्रेड सांगितले असतील तर त्यावरून वाद घालण्याचे कारण नाही. सफरचंदासाठी ऐन थंडीत काश्मीरकडे जाणाऱ्या गाडीला मात्र हा फरक कळतो.

नंबर सारखा, वर्ग वेगळा

खरा घोटाळा पुष्कळदा इथे होतो. मोटरसायकलचे ऑइलही २०डब्ल्यू-४० असते, म्हणून ते ट्रकला चालत नाही. डब्यावर 'एपीआय' पुढची अक्षरे बघावीत. 'एस' ने सुरू होणारा वर्ग पेट्रोल इंजिनांचा, 'सी' ने सुरू होणारा डिझेलचा. डिझेलच्या इंजिनात काजळी भरपूर होते, ती धरून ठेवण्याची ताकद 'सी' वर्गाच्या ऑइलमध्ये असते. डिझेल गाडीचे ऑइल थोड्याच दिवसांत काळे पडते ते यामुळेच. ते खराब झाल्याचे लक्षण नव्हे.

१ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत विशेष जपावे लागते. ज्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळीचा फिल्टर, म्हणजे डीपीएफ आहे, त्यांना कमी राखेचे ऑइल लागते. बहुतेक ठिकाणी सीके-४ वर्ग सांगितलेला असतो. जुने सीआय-४ टाकले तर गाडी त्या दिवशी बंद पडत नाही, पण ऑइलची राख फिल्टरमध्ये साचत जाते. काजळी जळून जाते, राख जळत नाही. उलट, जुन्या सीआय-४ च्या ट्रकला सीके-४ चालते. घरात जुनी-नवी अशा दोन गाड्या असतील तर दोघींना एकच सीके-४, अर्थात दोन्हींना सांगितलेल्या नंबरचे, ठेवलेले सोयीचे.

चुकीचे ऑइल पडलेच तर

टॉपअपला एखादा लिटर दुसऱ्या नंबरचे पण त्याच वर्गाचे पडले असेल तर घाबरू नये. मिश्रणाचा जाडपणा दोन्हींच्या मधला येतो. पुढचे ऑइल थोडे लवकर बदलावे. पूर्ण चेंबरच चुकीच्या ऑइलने भरले असेल, तर माल भरण्याआधीच ते काढावे, फिल्टरही बदलावा. "फ्लशिंग होईल, दोन खेपा मारू" हा सल्ला ऐकू नये. रस्त्यात ऑइलचा दिवा लागला तर तिथल्या तिथे इंजिन बंद करावे.

ऑइल मोजताना गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी काडी काढावी. लेव्हल वाढलेली दिसली तर खूश होऊ नये. डीपीएफच्या गाडीत डिझेल खाली उतरून ऑइल पातळ झालेले असू शकते. ऑइल दुधाळ दिसले तर पाणी मिसळले आहे. दोन्ही वेळी गाडी मिस्त्रीला दाखवावी.

सुटे ऑइल घेऊ नये, सील तपासून पक्के बिल घ्यावे. रिकामी बादली भंगारात देण्याआधी तिला भोक पाडावे, नाहीतर तीच बनावट ऑइल भरून परत दुकानात येते. काढलेले जळके ऑइल बांधावर किंवा ओढ्यात ओतू नये. २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे. तो अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच गेला पाहिजे, त्यामुळे गॅरेजवाल्याकडे देताना तो पुढे कुठे जातो ते विचारून घ्यावे.