सहायक व्यवस्थापक (किरकोळ विक्री)

सहायक व्यवस्थापक हे सुपरमार्केट, हायपरमार्केट यांसारख्या मोठ्या किरकोळ विक्री दालनांतील एक पद आहे. पदश्रेणीत त्याचे स्थान सामान्यतः दालन व्यवस्थापकाच्या खाली व विभागप्रमुखांच्या वर असते. व्यवस्थापकाच्या गैरहजेरीत दालनाची जबाबदारी सहायक व्यवस्थापकाकडे असते. पदनाम व्यवस्थापकाचे असले, तरी त्याच्या कामाचा मोठा भाग अनेकदा विक्री कर्मचाऱ्यांसारखाच असतो. त्यामुळे अशा पदावरील व्यक्तीला कायद्याने कामगार मानावे की व्यवस्थापक, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

लहान दुकानात खरेदी, गल्ला व नोकरांवरील देखरेख मालक स्वतः पाहतो. १९१६ साली क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी अमेरिकेतील मेम्फिस येथे पिगली विगली हे स्वयंसेवा पद्धतीचे किराणा दुकान सुरू केले. ग्राहक स्वतः माल उचलू लागल्यामुळे मालाची मांडणी, किंमतपट्ट्या आणि बिलिंग यांना स्वतंत्र महत्त्व आले. एका कंपनीची अनेक दालने झाल्यावर मालकाची जागा पगारी व्यवस्थापकांनी घेतली. दालने आठवड्याचे सातही दिवस दीर्घकाळ उघडी राहत असल्याने एकापेक्षा अधिक व्यवस्थापकांची गरज भासते. भारतात बिग बझार (२००१) व डीमार्ट (२००२) यांसारख्या साखळ्यांबरोबर अशा पदांचा विस्तार झाला.

कामाचे स्वरूप

कर्मचाऱ्यांच्या पाळ्या लावणे, दालन उघडणे व बंद करणे, रोकड व बिलांचा ताळा जुळवणे, नव्या कर्मचाऱ्यांना शिकवणे आणि ग्राहकांच्या तक्रारी सोडवणे ही प्रमुख कामे होत. महिन्याचा पहिला आठवडा व दिवाळीसारखे सण या काळात गर्दी वाढते. मनुष्यबळ अपुरे पडल्यास सहायक व्यवस्थापकाला स्वतः बिलिंग काउंटरवर बसावे लागते किंवा माल उतरवून फळ्यांवर लावावा लागतो.

मालसाठ्यावर देखरेख ठेवणे हाही कामाचा महत्त्वाचा भाग आहे. नोंदीतील साठा व प्रत्यक्ष साठा यांतील तुटीस मालगळती म्हणतात. चोरी, मोडतोड व नोंदीतील चुका ही तिची मुख्य कारणे आहेत. नाशवंत मालाचे नुकसान टाळण्यासाठी ज्याची मुदत आधी संपते, तो माल पुढे मांडला जातो.

कायदेशीर दर्जा

भारत : औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ नुसार मुख्यतः व्यवस्थापकीय काम करणारी व्यक्ती 'कामगार' ठरत नव्हती. पर्यवेक्षकासाठी २०१० च्या दुरुस्तीने मासिक १०,००० रुपये वेतनाची मर्यादा घालण्यात आली. औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये ती १८,००० रुपये आहे. करोना साहू कंपनीच्या एका दुकान व्यवस्थापकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली असे स्पष्ट केले, की पदनाम निर्णायक नसून कामाचे मुख्य स्वरूप पाहिले पाहिजे. मात्र संबंधित व्यक्तीचे मुख्य काम व्यवस्थापकीय असल्याने तिला कामगार मानण्यास न्यायालयाने नकार दिला. कामगार हा दर्जा मिळाल्यास बडतर्फीविरुद्ध या कायद्याखाली दाद मागता येते.

महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या अधिनियमानुसार जादा कामासाठी दुप्पट दराने वेतन देय आहे. व्यवस्थापकीय, पर्यवेक्षी वा गोपनीय स्वरूपाच्या पदांना मात्र हा अधिनियम लागू नाही.

अमेरिका : फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट (१९३८) नुसार आठवड्यात ४० तासांपेक्षा अधिक काम केल्यास किमान दीडपट दराने वेतन द्यावे लागते. व्यवस्थापकीय पदांना यातून सूट आहे. परंतु त्यासाठी ठरावीक किमान पगार, व्यवस्थापन हेच मुख्य काम आणि किमान दोन कर्मचाऱ्यांवर नियमित देखरेख यांसारख्या अटी पूर्ण व्हाव्या लागतात. फॅमिली डॉलर या साखळीतील १,४२४ दालन व्यवस्थापकांचा बहुतेक वेळ माल उतरवणे, फळ्या भरणे, बिलिंग व साफसफाई यांत जात असल्याचे न्यायालयात पुढे आले. २००८ साली अपील न्यायालयाने त्यांना सुमारे साडेतीन कोटी डॉलर देण्याचा निकाल कायम ठेवला.

दोन्ही निकालांत दुकान व्यवस्थापकांविषयी वेगवेगळे निष्कर्ष निघाले. परंतु पदनामापेक्षा प्रत्यक्ष कामाला महत्त्व देण्याचे तत्त्व समान आहे. म्हणूनच सहायक व्यवस्थापकाच्या बाबतीतही हजेरीच्या नोंदी, पाळ्यांचे तक्ते आणि नेमणूक वा शिस्तभंगाच्या कारवाईचे प्रत्यक्ष अधिकार हे महत्त्वाचे पुरावे ठरू शकतात.