करार कोण मोडतो आणि शिक्षा कोणाला होते?

घाटकोपरच्या एका वस्तीतील बुद्धविहारात आम्ही काही कार्यकर्ते महिन्यातून एका रविवारी कायद्याच्या मदतीसाठी बसतो. तिथे येणाऱ्यांच्या तोंडून दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले पोलीस ठाण्यातले: "हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा." ठेकेदाराने तीन महिन्यांचा पगार बुडवला म्हणून तक्रार घेऊन गेलेल्या बाईला हे उत्तर मिळते. दुसरे वाक्य खुद्द ठेकेदाराचे: "मध्येच काम सोडलंस तर आत टाकीन." म्हणजे मालकाने करार मोडला तर दिवाणी बाब आणि मजुराने मोडला तर तुरुंग! आजच्या कायद्यात असे काही नाही. तरी ठेकेदार बिनधास्त बोलतो आणि आमची माणसे ते खरे मानतात. ही भीती कुठून आली ते तपासायला हवे.

आमच्या पूर्वजांच्या वाट्याला मुळात करारच नव्हता. महार वतनात कामाचे तास ठरलेले नव्हते, कामांची यादीही नव्हती. वतनदार हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. मोबदला म्हणजे तुटपुंजी वतनी जमीन आणि गावाच्या मर्जीवरचे बलुते. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते या वेठीविरुद्धच. ती वतने कायद्याने संपायला 1958 साल उजाडले. जुन्या पिढीला "महारकी सोडली" या शब्दांत जो अभिमान वाटायचा तो यामुळेच.

गाव सोडून शहरात आलेल्या मजुराला करार मिळाला, पण तो कसा? इंग्रज सरकारने 1859 साली तेरावा कायदा केला. तो कारागीर, कामगार आणि मजूर यांनी करार मोडण्याबद्दल होता आणि सुरुवातीला कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन शहरांसाठी होता. मजुराने उचल घेतली आणि काम केले नाही, की मालक थेट मॅजिस्ट्रेटकडे जाई. मॅजिस्ट्रेट उचल परत करायला सांगे किंवा काम पुरे करायला सांगे. हुकूम पाळला नाही तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. मजुरी बुडवणाऱ्या मालकाला मात्र या कायद्यात शिक्षा नव्हती. पुढच्याच वर्षी आलेल्या भारतीय दंड संहितेत 490 ते 492 ही कलमे घातली गेली. त्यातल्या 490 व्या कलमाचे एक उदाहरण वाचण्यासारखे आहे: पालखीचा भोई वाटेत पालखी टाकून पळाला तर तो गुन्हेगार. पालखीत बसलेल्याने भाडे दिले नाही तर काय, याचे उदाहरण तिथे नाही. 1859 चा कायदा आणि 490, 492 ही कलमे 1925 च्या कायद्याने रद्द झाली. म्हणजे सहासष्ट वर्षे गरिबाने करार मोडणे हा गुन्हा होता. दोन पिढ्यांच्या अंगात भीती मुरायला एवढा काळ पुरतो.

मग 1938 साल आले. प्रांतात काँग्रेसचे सरकार होते, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री होते. त्यांनी औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. ठरवून दिलेली समेटाची प्रक्रिया पूर्ण न करता संप केला तर कामगाराला शिक्षा, अशी त्यात तरतूद होती. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून बाबासाहेब त्याविरुद्ध सभागृहात उभे राहिले. त्यांचे म्हणणे वकिली होते आणि म्हणूनच धारदार होते. संप म्हणजे कायद्याच्या नजरेत काय? नोकरीचा करार मोडणे, त्यापलीकडे काही नाही. करार मोडला तर नुकसानभरपाई मागता येते, पण तो गुन्हा होत नाही. तो गुन्हा ठरवला की माणसाला मनाविरुद्ध राबवता येते, आणि त्याचे नाव गुलामी. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क, हे त्यांनी तिथेच मांडले.

बाबासाहेब मालकांच्या बाजूच्या कायद्याला अडाणीपणाने विरोध करत होते असे कोणाला वाटत असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. 1925 ते 1928 या काळात ते मुंबईत बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते. करार म्हणजे काय हे हिशेबनिसांच्या एका पिढीला त्यांनीच समजावले. 7 नोव्हेंबर 1938 रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र येऊन मुंबईत एक दिवसाचा संप झाला. सरकारने विधेयक तरीही मंजूर करून घेतले.

या तत्त्वाला दुसरीही बाजू आहे आणि ती आपल्याच माणसांना टोचते. मजुराला जबरदस्तीने कामावर आणता येत नाही, तसेच साधे दिवाणी कोर्ट मालकालाही "याला परत कामावर घे" असे सहसा सांगत नाही. भरपाई देऊन मोकळे करते. म्हणून कामावरून काढलेल्या माणसाने दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवू नयेत. परत कामावर घेण्याचा हुकूम देण्याचा अधिकार कामगार न्यायालयाला आहे. हा फरक न कळल्याने कित्येकांची वर्षे वाया गेलेली आम्ही पाहिली आहेत.

मुंबईतल्या सफाई कामगारांनी हा फरक ओळखला. कचरा उचलणारे हे कामगार बहुतांश दलित. महापालिकेने त्यांना ठेकेदारांमार्फत नेमले. 1970 चा कंत्राटी कामगार कायदा वीस किंवा जास्त कामगार असलेल्या ठेक्याला लागू होता, म्हणून ठेक्याचे लहान तुकडे केले गेले. कामगारांना "स्वयंसेवक" म्हटले आणि पगाराला "मानधन". कचरा वाहतूक श्रमिक संघाने हा कागदी खेळ औद्योगिक न्यायाधिकरणात नेला. 2014 साली न्यायाधिकरणाने कामगारांच्या बाजूने निवाडा दिला आणि 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने सुमारे 2,700 कामगारांना कायम करण्याचा निर्णय उचलून धरला. ठेकेदाराचा करार हाच बनावट, असे सिद्ध करून ही लढाई जिंकली गेली. पण निकालानंतरही कित्येकांची नावे अडली. यादीतले स्पेलिंग आणि आधारवरचे स्पेलिंग जुळत नव्हते. देशातल्या सर्वोच्च न्यायालयात जिंकलेला माणूस एका इंग्रजी अक्षरापाशी हरतो, हे आपल्या व्यवस्थेचे खास वैशिष्ट्य.

म्हणून आमच्या रविवारच्या बैठकीत आम्ही भाषणे कमी करतो आणि कागद जास्त पाहतो. हजेरी कार्ड, बँकेच्या नोंदी, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, ओळखपत्र, मुकादमाचे व्हॉट्सॲपवरचे निरोप, यांतले काहीही पुरावा होऊ शकते. कोऱ्या कागदावर सही देऊ नका, हे दर वेळी सांगावे लागते. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने द्यायचा, हे 1970 च्या कायद्यातच लिहिले होते. किमान वेतनापेक्षा कमी देऊन राबवणे म्हणजे घटनेच्या 23 व्या कलमाने बंदी घातलेली वेठ, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात म्हटले. आणि वकिलाचे पैसे नाहीत म्हणून घरी बसायचे कारण नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींची माणसे, स्त्रिया आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो. उपनगर जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा लागतो. नेमलेला वकील कधी तारखेला येतच नाही, हेही खरे. मग आम्हीच पाठपुरावा करतो.

गेल्या बैठकीत मुलुंडहून एक ताई आल्या. एका इमारतीत झाडलोट करायच्या, ठेकेदाराने तीन महिने पैसे दिले नव्हते. काम सोडल्यावर तोच पोलिसांची धमकी देत होता. "मला पकडतील का?" हा त्यांचा पहिला प्रश्न, पगाराचा विषय त्यांनी नंतर काढला. आम्ही आधी धमकीबद्दल सांगितले: काम सोडले म्हणून कोणी अटक करू शकत नाही. मग त्यांचे पासबुक आणि आधार शेजारी ठेवले. आडनावात एक अक्षर वेगळे होते. मजुरीच्या दाव्याचा अर्ज पुढच्या रविवारी लिहायचा ठरला. त्याआधी ते अक्षर दुरुस्त करायला आमचा एक कार्यकर्ता त्यांच्यासोबत जाणार आहे.