आठशे कॅलरींचा आहार कोणाला द्यावा?

हैदराबादेत तार्नाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. 1918 साली कुन्नूरला बेरीबेरीच्या शोधासाठी सुरू झालेली ही संस्था 1958 मध्ये हैदराबादला आली. कुपोषणाचा अभ्यास करण्यात तिची हयात गेली. आता लठ्ठपणावरही तिलाच सांगावे लागते. तिचा सल्ला असा: आठवड्याला अर्धा किलो घट पुरे, आणि आहार 1000 कॅलरींच्या खाली नेऊ नये. त्या रेषेखालचा, 800 कॅलरींचा आहार द्यायचा तर डॉक्टरांच्या देखरेखीतच.

त्यासाठी पात्र कोण? पहिला निकष बीएमआयचा. आपल्याकडे 30 ऐवजी 25 पासूनच लठ्ठपणा धरतात. पण 38 बीएमआयचे दोघे सारखे नसतात. एक जण जिने सहज चढतो. दुसऱ्याला साखर, रक्तदाब आणि झोपेत श्वास अडकण्याचा त्रास. आकड्याऐवजी झालेली इजा मोजणारी एडमंटन श्रेणी 2009 मध्ये आली ती याचसाठी. फायदा दुसऱ्याला अधिक. धोकाही त्यालाच अधिक. खरा पेच इथे आहे.

कारण तो गोळ्या घेतो. अन्न एकदम घटले आणि इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड तेवढेच राहिले, तर साखर धोक्याच्या खाली जाते. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी औषधे चालू राहिली तर रक्तात आम्ल साठू शकते. रक्तदाबाच्या गोळ्यांनी उभे राहताच भोवळ येते. म्हणून आधी औषधांची चिठ्ठी तपासायची, मग वजनकाटा. गर्भवती, स्तनदा माता, टाइप 1 मधुमेही, नुकताच हृदयविकाराचा झटका आलेले, मूत्रपिंड फार बिघडलेले, खाण्यावरचा ताबा वारंवार सुटणारे: यांना नकोच. पित्ताशयात खडे असलेल्यांनाही जपून, कारण झपाट्याने वजन उतरताना खडे वाढतात. 1970च्या दशकात अमेरिकेत निकृष्ट प्रथिनांच्या द्रव आहारावर राहिलेल्या अनेकांच्या हृदयाची लय बिघडली आणि ते दगावले.

‘मी एकादशी कडक करते’ ही पात्रता नव्हे. एकादशी दुसऱ्या दिवशी सुटते (आणि साबुदाण्याच्या खिचडीत कॅलरी कमी नसतात!), इथे आठवडेच्या आठवडे काढायचे, मग अन्न टप्प्याटप्प्याने परत आणायचे. ब्रिटनच्या 2017 मधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत सुमारे 850 कॅलरींच्या आहाराने वर्षअखेर 46 टक्के रुग्णांचा मधुमेह माघारला. दुसऱ्या वर्षी 36 टक्केच उरले. त्यात इन्शुलिन घेणाऱ्यांना मुळात घेतलेच नव्हते.

गोळ्या कमी-जास्त करणारा डॉक्टर आणि नंतरचे जेवण आखणारा आहारतज्ज्ञ ज्याच्या हाताशी नाही, तो कितीही वजनदार असो, या आहाराला अपात्रच.