एमेची गोष्ट व ब्लँचबाई

भगिनींनो, गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी आपणांस एक गोष्ट सांगितली होती. मार्टिनिक बेटावरील एमे ही फ्रेंच मुलगी, नेपोलियनच्या जोसेफीनची लांबची बहीण, समुद्रात चाच्यांच्या हाती सापडली, तुर्की सुलतानाच्या जनानखान्यात गेली आणि पुढे सुलतान दुसरा महमूद याची आई झाली. ऐकताना तिळगूळ वाटायचाही राहून गेला होता. ती गोष्ट खरी नव्हे, हे आज लिहिणे मला भाग आहे.

मी ती घेतली लेस्ली ब्लँच या इंग्रज लेखिकेच्या १९५४ च्या 'द वाइल्डर शोअर्स ऑफ लव्ह' या पुस्तकातून. पूर्वेकडे ओढल्या गेलेल्या चार स्त्रियांची ही चरित्रे. त्यांतील इझाबेल बर्टन १८७६ साली पतीबरोबर आपल्या मुंबईस व गोव्यासही येऊन गेली. जेन डिग्बीने दमास्कसकडील बदाऊनी शेखाशी लग्न केले. इझाबेल एबरहार्ट पुरुषी वेषात सहारात हिंडली व १९०४ मध्ये वाळवंटातच पुरात सापडून वारली.

त्याच १९०४ साली ब्लँचबाई लंडनला जन्मल्या. लहानपणी घरी येणाऱ्या एका रशियन पाहुण्याने त्यांना सैबेरियाच्या आगगाडीचे वेड लावले. पुढे त्या गाडीने त्या गेल्याही. १९६८ च्या आत्मकथनात ते सारे आहे. पाहुण्याचे नाव मात्र त्यांनी कधी सांगितले नाही! १९३७ ते ४४ 'व्होग' मासिकात संपादनकाम केले. १९४५ मध्ये फ्रेंच लेखक रोमँ गारी यांच्याशी विवाह झाला. ते वकिलातीत असल्याने सोफिया, बर्न, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस अशी बिऱ्हाडे हलत राहिली. पाहुण्यांची उठबस सांभाळून बाईंनी हे पुस्तक लिहिले, याचे मला फार कौतुक वाटते. १९६३ मध्ये घटस्फोट झाला, पण लेखणी थांबली नाही. फ्रेंच कादंबरीकार पिएर लोती यांचे चरित्र १९८३ मध्ये आले, तेव्हा बाई एकोणऐंशीच्या होत्या. लोतीही खऱ्यात कल्पना मिसळणारे. तिथे बाईंचे सूर जुळले असावेत. २००७ मध्ये फ्रान्समधील माँतों येथे, १०२ व्या वर्षी, त्या गेल्या.

आता एमेकडे. इतिहास शिकणाऱ्या माझ्या नातीने त्याच रात्री विचारले, "आजी, महमूद जन्मला केव्हा?" पाहिले तर १७८५. आणि एमे समुद्रात नाहीशी झाली ती १७८८ च्या सुमारास! दंतकथा बाईंच्या आधीपासूनची आहे, त्यांनी ती रचलेली नाही. पण चरित्रकाराने निदान सने तरी ताडून पाहावीत. आणि मी तरी काय केले? दूधवाल्याचा हिशेब दोनदा तपासते, हा एकदाही तपासला नाही.

इतर तिघींविषयी सांगितले ते तसेच राहू द्यावे. वाचनालयातील प्रतीत एमेच्या प्रकरणाच्या समासात दोन्ही सने मी पेन्सिलीने लिहून ठेवली आहेत. ग्रंथपालबाईंनी क्षमा करावी.