नावाची चिठ्ठी

गेल्या उन्हाळ्यात माझी पुतणी शिकावयास परदेशी निघाली, तेव्हा तिच्या बॅगांना नावाच्या चिठ्ठ्या करण्याचे काम घरातला रिकामा माणूस म्हणून माझ्याकडे आले. बाजारात चामड्याचे सुबक टॅग मिळतात. पण "काका, तेवढ्या पैशांत माझी दोन पुस्तके येतील," हे तिचे म्हणणे मला पटले. घरात जुन्या लग्नपत्रिकांचा ढीग होताच. एका जाड पत्रिकेच्या कोऱ्या बाजूचे मी चार इंच लांब नि दोन इंच रुंद असे तुकडे कापले, वरचे कोपरे तिरपे छाटले, भोक पाडले, नाडी ओवली आणि एक हिसडा देऊन पाहिला. चिठ्ठी नेमकी भोकापाशी फाटली. नाव शाबूत, नाडी शाबूत. मधला कागद तेवढा गेला.

ही फजिती माझ्या एकट्याची नव्हे. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतले व्यापारी हेच रडगाणे गात होते. माल आगगाडीने दूरदूर जाऊ लागला होता आणि वाटेत चिठ्ठ्या गळून पडत होत्या. १८६३ साली एलिफॅलेट डेनिसन या गृहस्थाने एक साधी युक्ती काढून तिचे पेटंट घेतले: भोकाभोवती दोन्ही बाजूंनी कागदाची एकेक चकती चिकटवावयाची. दोरीचा ताण चकतीवर येतो आणि कागद वाचतो. शोध इतका किरकोळ, की त्याला शोध म्हणावयासही संकोच वाटावा. पण आजही पार्सलाच्या चिठ्ठीवर भोकाभोवती जे कडे दिसते, त्याचे कूळ हेच. मीही पत्रिकेच्या उरलेल्या कागदाच्या चकत्या कापल्या, खळीने दोन्ही अंगांना डकवल्या आणि वाळल्यावर पुन्हा हिसडा दिला. या खेपेस चिठ्ठी टिकली.

प्रवाशांच्या सामानाची व्यवस्था मात्र निराळ्या वाटेने गेली. गेल्याच्या मागल्या शतकात अमेरिकेतील रेल्वे कंपन्या पितळी बिल्ल्यांच्या जोड्या वापरीत. दोन्हींवर एकच क्रमांक. एक बिल्ला सामानाला बांधावयाचा, दुसरा प्रवाशाच्या हाती. पुढे पितळेच्या जागी कागद आला. १८८२ साली कॅनडातील मंक्टन गावच्या जॉन मायकेल लायन्स याने दोन भागांत फाडता येणाऱ्या तिकिटाचे पेटंट घेतले. आज विमानतळावर बॅगेला जो लांब पट्टा चिकटवतात, तो याच घराण्यातला. त्यावर दहा आकडे, काळ्या रेघा आणि मुक्कामाची तीन अक्षरे असतात. मुंबईचे नाव अधिकृतपणे बदलले १९९५ साली. पण त्या पट्ट्यावर ती अजून 'बीओएम'च आहे.

हा क्रमांक सामान कोठे जावयाचे ते सांगतो. तो पट्टा निघाला, की बॅग मुकी होते. मग ती कोणाची, हे सांगावयास मालकाने लिहिलेली चिठ्ठीच कामी येते. क्रमांक कंपनीचा, नाव आपले.

माणसालाच क्रमांकाची चिठ्ठी लागते, तेव्हा काय होते हेही इतिहासाने पाहिले आहे. १९४२ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत हलवण्यात आले. हाती नेता येईल तेवढेच सामान घ्यावयाचे. प्रत्येक कुटुंबाला एक क्रमांक मिळे, आणि त्याची चिठ्ठी ट्रंकेला बांधत तशीच माणसांच्या कोटालाही बांधत. लहान पोरांच्या कोटांवरही त्या चिठ्ठ्या लोंबत असत.

युरोपातील हकीकत याहून भीषण. ज्यूंना मृत्युछावण्यांकडे नेताना आपापल्या पेटीवर नाव घालावयास सांगत; म्हणजे पेटी परत मिळेल, असे त्यांना वाटे. ऑश्विट्झच्या संग्रहालयात अशा सुमारे ३,८०० पेट्या आहेत, आणि त्यांतल्या दोन हजारांहून अधिक पेट्यांवर नावे आहेत. पुष्कळांनी ती पांढऱ्या रंगात, ठळक अक्षरांत, स्वतःच्या हाताने घातली आहेत. परत मिळण्याची आशा नसती, तर एवढ्या निगुतीने कोण लिहील?

२००५ साली यांतली एक पेटी पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली होती. प्रदर्शन पाहावयास आलेल्या एका निवृत्त इंजिनिअराने तिची चिठ्ठी वाचली. तीवर त्याच्या वडिलांचे नाव होते आणि पॅरिसमधला पत्ता. लहानपणी अंतरलेल्या बापाची ती पेटी! ती पुन्हा पोलंडला जाऊ नये म्हणून तो न्यायालयात गेला. संग्रहालयाची बाजूही खोटी नव्हती: अशा वस्तू पांगल्या, तर घडल्या गोष्टीचा पुरावाच पांगेल. २००९ साली तडजोड झाली. मालकी संग्रहालयाची राहिली आणि पेटी दीर्घ मुदतीच्या उसनवारीने पॅरिसमध्ये. साठ वर्षांनंतर ती चिठ्ठी आपल्या कामाला आली. घरापर्यंत नाही, पण गावापर्यंत तरी पेटी पोचली.

आमच्याकडे तांब्यापितळेच्या भांड्यांवर नावे घालीत. आजीच्या घागरीवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले तिचे नाव मी अजून बोटाने वाचतो. लग्नकार्यात शेजारी गेलेले भांडे त्या नावाच्या जोरावर घरी परते.

चिठ्ठ्या तयार झाल्यावर मी झोकदार अक्षरात नाव लिहावयास बसलो होतो. पण लेखणी पुतणीच्या हाती दिली. पाणी लागू नये म्हणून वरून पारदर्शक चिकटपट्टी लावली, आधीच्या प्रवासाचे पट्टे सोलून टाकले, आणि प्रत्येक बॅगेत कपड्यांवर एकेक चिठ्ठी जास्तीची ठेवली. बाहेरच्या चिठ्ठीवर तिने नाव आणि फोन एवढेच लिहिले.

"आतल्या चिठ्ठीवर पत्ता कुठला घालू, काका? तिकडचा की इथला?"

"दोन्ही घाल," मी म्हणालो.

तिने इथला आधी लिहिला.